परत आलेल्या वाट्या

सुमन गेली त्याच्या बाराव्या दिवशी तिच्या सुनेनं, स्वातीनं, शेजाऱ्यांकडून आलेली भांडी घासूनपुसून ओट्यावर ओळीनं मांडली. चार स्टीलचे डबे, एक काचेचं झाकण असलेलं भांडं, प्लॅस्टिकचा एक चौकोनी डबा आणि कुणाचं तरी एक जुनं पितळी पातेलं. सुतकात घरची चूल पेटत नाही म्हणून जळगावच्या त्या कॉलनीतल्या घरांनी याच भांड्यांतून आम्हाला पहिले काही दिवस जेवू घातलं होतं. पिठलं, मुगाची खिचडी, मऊ भाकरी, एकदा वांग्याचं भरीत, तेही बिनफोडणीचं. स्वातीनं पदराला हात पुसत विचारलं, "मावशी, ही अशीच देऊन येऊ, की थोडी थोडी साखर घालू? रिकामं भांडं परत करू नये म्हणतात ना?" मी म्हटलं, संध्याकाळी बघू. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि मी खुर्ची ओढून त्या भांड्यांसमोर बसून राहिले. मोजली तर सात निघाली. हा आकडा माझ्या ओळखीचा होता.

मी सुमनपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मोठ्या बहिणीनं धाकटीच्या सुतकाची भांडी मोजावीत, हे उलटंच झालं. पण या घरात आता जुनं आठवणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा जे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही ते लिहून ठेवते. थोडं थोडं लिहिते. एका बैठकीत फार होत नाही.

त्या वेळी आम्ही धुळ्याला राहत होतो. एका लांबट चाळवजा इमारतीत आठ खोल्या एका रांगेत होत्या, समोर फरशी आणि फरशीच्या टोकाला एकच नळ. आमची खोली मधली. आबा, म्हणजे माझे वडील, रावेरकडे केळीचे घड वॅगनमध्ये भरायच्या कामाला जात आणि पंधरा-वीस दिवसांनी एकदा घरी येत. येताना त्यांच्या पिशवीत जास्त पिकून काळी पडलेली केळी असत, जी व्यापाऱ्याच्या कामाची नसत. माय एका तेलाच्या घाण्यावर शेंगा निवडायला जाई. शेंगांची धूळ तिच्या भुवयांवर बसलेली असे आणि ती घरात शिरली की खोलीभर कच्च्या शेंगदाण्याचा वास येई. मात्र त्यातला एक दाणाही ती घरी आणत नसे. बाहेर पडताना दारावर ओटी झटकून दाखवावी लागते, एवढंच ती सांगे. ते सांगताना ती आमच्याकडे पाहत नसे.

खाणं म्हणजे भाकरी. रेशनच्या दुकानावर त्या वर्षांत परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला पोत्यांचा आणि बोटीच्या तळाचा वास होता असं म्हणत. बोट आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. त्या पिठाला चिकटपणा नव्हता. माय उकळतं पाणी घालून, जोर लावून लावून मळी, तरी थापताना भाकरीच्या कडा फाटत आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे होत. तिच्यासोबत लाल मिरचीचा ठेचा आणि कधी अंबाडीची भाजी. आमच्याकडची खरी भाकरी कळण्याची. ज्वारी आणि सालीसकट उडीद मीठ घालून एकत्र दळायचे, त्या पिठाची काळपट, खरपूस भाकरी, वर शेंगदाण्याचं तेल. मायच्या माहेरी, साक्रीकडच्या खेड्यात, ती रोजची होती. धुळ्यात उडीद विकत घ्यावा लागे, म्हणून ती सणाची झाली.

सुमन तेव्हा तीन-साडेतीन वर्षांची होती. तिचं पोट मोठं आणि हातपाय बारीक. केस तांबूस झाले होते आणि ते पाहून कौतुक करणारेही होते. ती फार रडत नसे. भिंतीला पाठ लावून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाही. तिच्या गप्प बसण्यानं मायला बरं वाटे, कारण कामावर जाताना तिला अक्कांकडे सोडून जावं लागे. अक्का म्हणजे नळाजवळच्या पहिल्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाई. रांगेतल्या सगळ्यांच्याच त्या अक्का होत्या. तोंडानं तिखट. त्यांनीच एकदा मायला सांगितलं, की ही पोर गप्प नाही, हिच्यात रडायची ताकद नाही. आणि त्यांनीच तिला दवाखान्यामागच्या दूधकेंद्राचा रस्ता दाखवला.

दूधकेंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड होती. तिथं अशक्त मुलांची वजनं करून नावं लिहून घेत आणि दर आठवड्याला पावडरचं दूध देत. पावडर मोठ्या डब्यातून मापानं आपल्या डब्यात ओतत. तिथल्या नर्सबाई पांढऱ्या साडीतल्या, उंच, परगावच्या. त्यांच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता, हे मला आठवतं. सुमनला त्यांनी टांगत्या काट्याच्या झोळीत बसवलं, काट्यावरचं वजन मागे सरकवलं, आणखी मागे सरकवलं आणि मायकडे न बघता लिहून घेतलं. कार्ड मला दिलं, कारण मी ते वाचून दाखवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: हे दूध फक्त नोंदलेल्या मुलासाठी आहे. तीही मी वाचून दाखवली. माय म्हणाली, "बरं." तिच्या त्या 'बरं'चा अर्थ ऐकलं असा होता, ठरलं असा नव्हता. हे मला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर मायनं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं. पाणी उकळलं, त्यात पावडर कालवली आणि फडताळातून तिच्या लग्नातल्या जर्मन धातूच्या वाट्या काढल्या. प्रत्येक वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं होतं. सात वाट्या भरून तिनं माझ्यासमोर ताटात ठेवल्या.

"घरमा दूध उनं शे," ती म्हणाली. "बठ्ठासले देनं पडी." घरात दूध आलं की सगळ्यांना द्यायचं.

तिच्या माहेरी म्हैस व्याली की पहिला चीक आळीतल्या प्रत्येक घरी जाई. तो एकट्यानं खाल्ला तर म्हशीला नजर लागते, दूध आटतं, असं मानत. मी म्हटलं, "माय, हाई पावडर शे. चीक नई." त्यावर तिनं ताट माझ्या हातात दिलं. "दूध ते दूध. जाय, निवी जाई."

मी सात घरी वाट्या पोचवल्या. अक्का दारात तांदूळ निवडत होत्या. त्या वाटीत बघून म्हणाल्या, "काय व इमल, तुम्हनी म्हैस डबामा ऱ्हास का? चारा काय घालतस तिले, कागद?" आजूबाजूच्या बाया हसल्या. पुढं ते रोजचंच झालं. मी दिसले की कुणीतरी विचारी, डब्यातली म्हैस आज दुभली का.

आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. चमचाभर साखर, एक कांदा, काही नाही तर तुळशीचं पान, पण तळ दिसू द्यायचा नाही. त्यामुळे संध्याकाळी आमच्या वाट्या परत येत आणि त्यांत काहीतरी असे. अक्कांकडून कळण्याच्या भाकरीचा चतकोर. त्यांचा मुलगा खेड्यातून उडीद आणून देई. पुढच्या घरातून मूठभर भाजलेले शेंगदाणे. कुणाकडून मेथीची सुकी भाजी, कुणाकडून वाटीभर तुरीचं वरण. शेवटच्या खोलीतल्या कोंबड्यावाल्या मावशींकडून एखादं अंडं यायचं. माय ते काही न बोलता पदराखाली घेई आणि उकडून सुमनला भरवी. ओळीतल्या आम्हा सगळ्यांची परिस्थिती सारखीच होती. पण सात घरांत रोज सात वेगवेगळ्या गोष्टी शिजत आणि त्यांतला घासघास आमच्या खोलीत येऊन सुमनसमोर ठेवला जाई. पावडरचं दूध उरे ते तिला पाणी घालून पातळ करून मिळे. भिंतीला टेकून बसलेली सुमन वाट्या यायच्या वेळी दाराकडे सरकून बसू लागली.

हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला फक्त जाणाऱ्या वाट्या दिसत होत्या. येणाऱ्या वाट्यांत काय होतं ते मी खात होते, पण पाहत नव्हते. माझ्या दृष्टीनं सुमनच्या नावाचं दूध सात घरं पीत होती. मी शाळेत हुशार म्हणून ओळखली जात होते. छापील अक्षरावर माझा फार विश्वास होता आणि पाटीवर जे छापलं होतं त्याच्या उलट आमच्या घरात रोज होत होतं. सकाळी ताट घेऊन निघताना माझे कान तापत.

पाचव्या की सहाव्या आठवड्याला वजनाच्या दिवशी मायला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी एकटीच सुमनला घेऊन केंद्रावर गेले. नर्सबाईंनी काटा सरकवला. वजन वाढलं होतं, पण थोडंच. त्यांनी कार्ड पाहिलं, सुमनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "इतकी पावडर नेता, तर एवढंच कसं वाढलं? घरात आणखी कोण पितं दूध? तुझी आई पिते का?"

त्या मायवर संशय घेत होत्या. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आई नाही पीत. आई शेजारी वाटते. सात घरांत."

हे सांगताना मला भीती वाटली नाही, उलट हलकं वाटलं. एक मोठं माणूस नीट प्रश्न विचारतंय आणि आपण खरं उत्तर देतोय, असं वाटलं. सुमनची बाजू घेणारं तिच्या घरात कुणीतरी आहे, हे त्यांना कळावं असंही वाटलं. नर्सबाईंनी लेखणी खाली ठेवली. "शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. त्या शब्दानं मी घरापर्यंत चालत गेले की उडत, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या रांगेत आल्या. शाळा सकाळची असल्यानं मी घरी होते. फरशीवर बाया धान्य निवडत बसल्या होत्या. कुणी सूप पाखडत होतं, कुणी पोरीची वेणी घालत होतं. नर्सबाई उन्हात मधोमध उभ्या राहिल्या. आवाज त्यांनी फार चढवला नाही, पण त्यामुळेच तो शेवटच्या खोलीपर्यंत गेला.

"आजारी पोरीच्या तोंडचं दूध पिता तुम्ही सगळ्या. तुम्हाला पोरंबाळं आहेत ना? लाज कशी वाटत नाही?"

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "ओ बाई, आम्ही मांगाले गयथूत का? वाटी चालीसन घर उनी. उनी वाटी परत धाडाले आम्ही काय वैरी शेतस?"

"वाटी आली तरी पोर कुणाची आणि दूध कुणाचं, हे कळत होतं ना?" नर्सबाई म्हणाल्या. "यापुढे पावडर घरी मिळणार नाही. मुलीला रोज केंद्रावर आणायचं. माझ्यासमोर प्यायची ती."

त्या गेल्या. त्यांना त्या दिवशी अशा आणखी किती रांगांत जायचं होतं कोण जाणे. मला आता त्यांचा राग येत नाही. त्यांच्याकडे एक काटा, एक पाटी आणि शेडभर पोरं होती. बाया आपापली सुपं उचलून आत गेल्या. दुपारी दोन वाजता आमची फरशी इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मायनं पाठवलेल्या वाट्या त्या त्या घरी होत्या. संध्याकाळी माय कामावरून आली तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या होत्या. कुणी हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. सात वाट्या राखेनं लखलखीत घासलेल्या, एकात एक घातलेल्या आणि रिकाम्या.

मायला दुपारचं काहीच माहीत नव्हतं. ती वाकली, एकेक वाटी वेगळी करून तळ पाहिला, मग पुन्हा पाहिला. मी तिला नर्सबाईंचं सांगितलं. माझं सांगितलं नाही. ती ऐकत होती की नाही, कळेना. तिचं लक्ष वाट्यांवर होतं. आमच्या रीतीत भांडं रिकामं परत येतं ते फक्त एकाच घरातून. सुतकाच्या घरी लोक अन्न नेऊन देतात आणि ते घर भांडी नुसती धुऊन परत करतं, कारण त्या दिवसांत त्या घरातून काही न्यायचं नसतं.

"रिकामी वाटी सुतकना घरनी येस," माय म्हणाली. "त्यासना घर तं सुतक नई. मंग कोना घर शे?"

आणि तिनं सुमनकडे पाहिलं. सुमन दाराशी सरकून बसली होती. तिनं हात पुढे करून वरची वाटी घेतली, आत बघितलं आणि ती उलटी करून जमिनीवर आपटली, खाली काही चिकटलं असेल तर पडावं म्हणून.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही.

त्यानंतर रोज सकाळी शाळेआधी मी सुमनला कडेवर घेऊन केंद्रावर जाऊ लागले. तिथं पातेल्यात घट्ट कालवलेलं दूध मोठ्या मगातून मिळे आणि ते उभ्याउभ्या संपवावं लागे. सुमनला घरी पातळ, घोटभर दुधाची सवय होती. तीन-चार दिवसांत तिला जुलाब लागले. नर्सबाई म्हणाल्या, घरी काहीबाही खायला घालत असाल. घरी खायला घालण्यासारखं काही नव्हतंच. तांबड्या ज्वारीची फाटकी भाकरी आणि ठेचा, तो तिला झोंबे. वाट्या फडताळात पालथ्या पडल्या होत्या. अक्का सुमनला दिवसा सांभाळत होत्या, ते त्यांनी सोडलं नाही. पण माय तिला घ्यायला गेली की पोर दारातून हातात देत, बोलत नसत. आठवड्यानं सुमन पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली. दहाव्या दिवशी तिला बसवलं तर ती कलंडू लागली. माय तिच्या अंगावरून हात फिरवत एकच गोष्ट म्हणे, की वाट्या आधीच सांगून गेल्या. मायच्या मनानं सुमनला सोडून द्यायला सुरुवात केली होती. तिचा तो हात मला अजून दिसतो. पोराला उगी करणारा हात निराळा असतो, हा तसा नव्हता.

मग एका सकाळी मी फडताळातली एक वाटी घेतली आणि अक्कांकडे गेले. त्या जात्याजवळ बसल्या होत्या. दळण संपलं होतं आणि त्या कुंच्यानं पीठ गोळा करत होत्या.

"ये मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या. "आज काय शिकाडाले उनी?"

मी म्हटलं, "अक्का, नर्सबाईले मीच सांगं. मायनी नई."

त्यांचा कुंचा थांबला नाही. "मालूम शे माले. ह्या आळीमा कागद वाचनारं एकच तोंड शे."

"पाटीवर लिखेल व्हतं. नोंदेल पोरलेच देवानं म्हनीसन."

"लिखेल व्हई. पन लिखनारानी तुनी मायले दखेल नई." त्यांनी पीठ हातानं एका जागी सारलं. "तुनी माय फुकटनं घेस का कोनाकडथून? मी मूठभर पीठ तिना हातवर ठेवं तं ती घेई? वाटी येस म्हनीसन माले देता येस. तठली वाटी बंद, तं मना हात बी बंद. आते तुनी बहीन मना मांडीवर सुकी ऱ्हायनी, आन मी काय करू? कोनता तोंडनी देऊ?"

मी रडू लागले. त्या कुंचा बाजूला ठेवून पुन्हा मूळच्या तिखट आवाजात म्हणाल्या, "आन दूध म्हनशी तं तितलं कितलं व्हतं! चहानं बी तोंड काळं ते काळंच ऱ्हाये. त्यामा लाज काढी गई ती बाई." मग त्यांनी हात पुढे केला. "आन ती वाटी. रिकामी लई उनी, रिकामी लई जाशी का?"

त्यांनी वाटी पिठानं शीग लावून भरली. काळपट, दाणेदार, उडदाच्या सालांचे ठिपके असलेलं कळण्याचं पीठ, अजून जात्याच्या उबेचं. "मायले सांग," त्या म्हणाल्या, "वाटी आते तुम्हनाकडे शे."

मी तसंच सांगितलं. माय बराच वेळ त्या पिठाकडे बघत राहिली. वाटीला तळ दिसत नव्हता. मग तिनं चूल पेटवली. त्या दिवशीची भाकरी फाटली नाही. मायनं तिचा मऊ पोपडा काढून, गरम पाण्यात भिजवून, मीठ घालून सुमनला बोटानं भरवला. पहिला घास सुमननं बाहेर काढला, दुसरा ठेवला. दोन दिवसांनी आबा रावेरहून आले. पिशवीत काळी पडलेली केळी होती. मायनं ती सोलली, काळे भाग काढले, सात वाट्यांत चकत्या घातल्या आणि ताट माझ्याकडे न देता स्वतः उचललं. प्रत्येक दारात ती उभी राहिली आणि काय बोलली ते मला माहीत नाही. संध्याकाळी सहा वाट्या भरून आल्या. सातवी एका घरानं परत केलीच नाही, रिकामीही नाही. पुढं त्या घराशी आमचं बोलणं झालं नाही. सगळं पूर्ववत झालं असं लिहिण्याचा मोह होतो, पण तसं झालं नाही. वाट्या जात-येत राहिल्या. हसणं मात्र कमी झालं आणि डब्यातल्या म्हशीचं पुन्हा कुणी विचारलं नाही.

केंद्रावर जाणं चालूच होतं. नाव कापलं जाऊ नये म्हणून जावं लागे. अक्कांनी मला बजावलं होतं, की पोरीला दोनच घोट द्यायचे. मग मगातलं उरलेलं दूध कोण संपवणार? नर्सबाईंची पाठ वळली की ते मी प्यायचे. रोज. भरभर, गरम, तोंड पोळत. ते मला आवडायचं, हेही लिहिलं पाहिजे. ज्या गोष्टीबद्दल सात घरांची लाज काढली गेली, ती मी एकटीनं दोन-तीन महिने केली. केंद्रात नोंदलेली असते तर वजन माझंच जास्त वाढलेलं दिसलं असतं.

सुमनचंही वाढलं. पावसाळ्याच्या तोंडाशी ती धावायला लागली. शेवटच्या वजनाच्या दिवशी नर्सबाईंनी काटा पुढे सरकवला, आणखी पुढे सरकवला आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यांनी शेडमधल्या इतर बायांना सुमन उचलून दाखवली. "बघा, समोर बसून दूध प्यायली की असा फरक पडतो. आणि हे कुणामुळे? या मोठ्या बहिणीनं खरं सांगितलं म्हणून." सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिले. वाट्यांत काय येत होतं ते मी सांगितलं नाही. एकदा खरं सांगून पाहिलं होतं. त्यांच्या वहीत सुमन दुधानं बरी झाली, आणि तशीच ती तिथं राहिली असणार.

पुढं मी शिकले आणि एका शाळेच्या ग्रंथालयात माझी हयात गेली. आहाराच्या पुस्तकांत ज्वारी आणि उडीद एकत्र का चांगले, घट्ट दूध काही पोटांना का सोसत नाही, हे सगळं वाचलं. वाचताना दर वेळी अक्कांचा कुंचा आठवला. लिहिणाऱ्यानं आमच्या मायला पाहिलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सुमन दवाखान्यात होती. तिला जेवण जात नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी एक पावडर लिहून दिली. पाण्यात कालवून तीन वेळा द्यायची. मी पेला तिच्या ओठांना लावला. तिनं दोन घोट घेतले आणि तोंड बाजूला केलं. मी म्हटलं, आणखी थोडं घे. तिनं डोळे मिटले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"राहिलेलं तू पी, ताई," ती म्हणाली. "पूर्वी पीतच होतीस ना."

मी पेला हातात धरून बसले. ती तेव्हा साडेतीन वर्षांची होती. ते तिनं सत्तर वर्षं लक्षात ठेवलं होतं आणि एकदाही बोलली नव्हती. तिला मगाचं ठाऊक होतं, तर आणखी काय काय ठाऊक होतं? मी विचारणार होते. पण तिला झोप लागली, आणि त्यानंतर तिला बोलण्याइतकी जाग आली नाही. पेल्यातलं मी प्यायले. गोडसर होतं, कोमट.

संध्याकाळी स्वाती गच्चीवरून कपडे घेऊन आली. साखरेचा डबा तिनं काढूनच ठेवला होता. "काय करायचं मावशी?" मी तिला म्हटलं, साखर आत ठेव. या घरातून आज भांडी रिकामीच जायची असतात. तिला ते बरं वाटलं नाही, पण ती माझ्याबरोबर आली. वय झालंय, जिने चढवत नाहीत, तरी मी सातही दारांपर्यंत गेले. प्रत्येकानं भांडं घेतलं, आत पाहिलं नाही, आणि दार हळू लावून घेतलं. या खेपेला कुणाचं काही चुकलं नव्हतं.